विझेना जातीचे मासे

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बाईंनी एकदा तिला रस्त्यात गाठलं. "अहो, तुमचं माशांचंच काम ना? मग येत्या रविवारी आमच्यापुरते आणा की थोडे. ताजे बघून आणा हं."

तिनं समजावून सांगितलं, की आपले मासे बोटाच्या पेराएवढे असतात, अंगावर निळे पट्टे असतात आणि ते खायचे नसतात. ते काचेच्या टाक्यांत वाढवतात, त्यातल्या काहींच्या अंगात जंतू सोडतात आणि मग आत काय काय घडतं ते बघत बसतात. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अगंबाई, म्हणजे रोगट मासे! मग नकोच ते," म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

ही गोष्ट तिच्या दादानं आल्यागेल्या प्रत्येकाला रंगवून सांगितली. घरी कुणी पाहुणा आला, की चहा होईपर्यंत त्याची ही गोष्ट व्हायचीच, आणि दर वेळी बाईंच्या तोंडी एखादं नवं वाक्य असायचं. बहिणीचं नावही त्यानंच मासोळी पाडलं होतं. वहिनी तिला ताई म्हणायची, प्रयोगशाळेत ती मॅडम होती, पण दादाच्या तोंडी कायम मासोळी. हाक मारताना मासोळे.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांमधली एक फट होती. आत तो बसला की दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नसे. शाळा सुटली की ती त्याच्या स्टुलाशेजारी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसायची. तो डोळ्याला लावायचं भिंग तिला द्यायचा आणि म्हणायचा, "बघ, सगळं कसं एकमेकांचं ऐकतंय." बारीक गोष्टींकडे तासन्‌तास बघत बसायची सवय तिला त्या फटीत लागली.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना दादाची बोटं सुजायला लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. सांधे लाल, गरम. चिमट्यात धरलेला स्क्रू सुटून पडायचा आणि मग दोघं भावंडं जमिनीवर ओणवी होऊन तो शोधायची. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, अंगातली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठली आहे. दादा म्हणाला, "घरचाच माणूस फितूर झाला म्हणायचा."

त्याच वर्षी तिच्या कॉलेजात मोठे सर व्याख्यान द्यायला आले. मोठे सर म्हणजे माशांच्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख. ते म्हणाले, सूज म्हणजे रोग नव्हे. जंतू शिरले की शरीर तिथं आग पेटवतं, ती सूज. आग पेटलीच पाहिजे, नाहीतर जंतू फस्त करतील. पण काम झाल्यावर ती विझलीही पाहिजे. पेटवायचं कसं ते आपल्याला पुष्कळ कळलंय. विझवतं कोण, ते नीटसं कळलेलं नाही. व्याख्यान संपल्यावर ती त्यांच्या मागोमाग थेट फाटकापर्यंत गेली. "सर, मला हे शिकायचंय," एवढंच म्हणाली. पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर गेलं.

सरांच्या प्रयोगशाळेतल्या माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली, की काचेसारखी आरपार असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर काळीज धडधडताना दिसतं, रक्त वाहताना दिसतं. सरांनी अशी जात तयार केली होती, जिच्या पांढऱ्या पेशी हिरव्या चमकायच्या. शेपटीला बारीक सुई टोचून जंतू सोडले, की अंगभरातून त्या हिरव्या पेशी धावत यायच्या, आग लागल्यावर गल्ली लोटते तशा. काही तासांनी जंतू संपले, की गर्दी पांगायची आणि बऱ्याचशा पेशी आल्या वाटेनं परत जायच्या. तिनं पहिल्यांदा ते परत जाणं पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सर हसले. म्हणाले, "आता यांना घरी जा म्हणून कोण सांगतं, ते शोधा."

सर निवृत्त झाले, मग वारले. ती राहिली. नोकरी कायम झाली नाही. दर वर्षी मुदत वाढायची. लग्नाचं जमलं नाही असं लोक म्हणत, पण खरं तर जमवायला कुणी बसलंच नव्हतं. आई गेली, दादाला मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात दादा, वहिनी आणि ती. हळूहळू दादाची बोटं वाकडी झाली आणि दुकानाच्या फटीत कुणीतरी कुलपं विकायला बसलं. "काय मासोळे, कुठवर आलंय?" दादा रोज संध्याकाळी विचारायचा. "तुझे मासे माझ्या आधी म्हातारे होतील." चेष्टा करायचा खरा, पण उत्तर ऐकायला थांबायचा.

तिचा सगळा जीव माशांच्या एका जातीत होता. त्या जातीत एक जनुक मोडलेलं होतं, 'आता पुरे' हा निरोप पोचवणारं. टाकीवर त्या जातीचं नाव अक्षरं आणि आकडे मिळून लांबलचक लिहिलेलं होतं. टाक्या सांभाळणाऱ्या काकांना ते उच्चारता येईना. "यांची आग विझेना, तर आपले विझेना म्हणू," ते म्हणाले, आणि मग सगळेच विझेना म्हणायला लागले. हे मासे दिसायला चारचौघांसारखे, पण साध्या खरचटण्यानं मरायचे. पाणी जरा बिघडलं की गेले. अंडी थोडी, त्यातली निम्मी खराब. तिनं आणि काकांनी ती जात तळहातावरच्या फोडासारखी जपली होती.

मोठे सर असल्यापासून ती क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांवर काम करत होती. माशांना होतो तो त्यांच्याकडचा क्षय. धडधाकट माशाच्या अंगात हे जंतू शिरले, की पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात, आणि एक बारीक गाठ तयार होते. जंतू आत कोंडलेले, मासा बाहेर मजेत. आयुष्यभर असा जगतो. ज्या माशात आग नीट पेटतच नाही, त्याच्यात जंतू माजतात. आणि विझेनांच्यात उलट व्हायचं. आग इतकी भडकायची, की कडं करणाऱ्या पेशीच फुटायच्या आणि आतले जंतू मोकळे सुटायचे. कमी पडली तरी मरण, जास्त झाली तरी मरण.

तिला त्या गाठीच्या काठावर एका प्रकारच्या पेशी सापडल्या होत्या. संख्येनं थोड्या, मंद हालचालींच्या. तिला संशय होता, की 'पुरे' म्हणणाऱ्या त्याच. धडधाकट पिल्लांतल्या त्या पेशी काढून तिनं विझेना पिल्लांत सोडल्या, आणि मरायला हवी होती त्यातली काही पिल्लं जगली. परत केलं, परत जगली. तेव्हा तिनं घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही, नुसती दादाच्या शेजारी बसली. दादा म्हणाला, "काहीतरी झालंय. तोंड बघ, चोरून दूध प्यायलेल्या मांजरीसारखं झालंय."

"पुन्हा करून बघायचंय. मोठ्या माशांतसुद्धा. तोवर काही नाही बोलायचं."

"मी कुणाला सांगतोय? गल्लीच्या तोंडाशी एक बाई राहतात, फक्त त्यांना."

मोठ्या माशांवरच्या प्रयोगासाठी तिनं विझेनांची एक भरगच्च पिढी वाढवायला घेतली. आणि ती पिढी भरात आली तेव्हाच ते झालं.

सकाळी काका दारातच उभे होते. "मॅडम, आपल्या टाकीत काही बरं दिसत नाही." चार मासे पाण्याच्या वर तोंड काढून कलते तरंगत होते. पोटं फुगलेली, खवले उभे राहिलेले. तिनं मेलेल्या एका माशाची प्लीहा काचेवर चिरडली, रंग दिला आणि बघितलं. निळ्या जमिनीवर लालभडक काड्या. हे जंतू तिच्या ओळखीचे होते. पण तिच्या प्रयोगातले जंतू बंद खोलीत असत आणि ते अंधारात चमकत. तशी खूणच त्यांच्यात घातलेली होती. हे चमकत नव्हते. म्हणजे हे बाहेरून आले होते.

तिनं शेजारच्या टाकीतला धडधाकट मासा काढला. खातोय, पळतोय, अंगावर ओरखडा नाही. त्याच्याही प्लीहेत बारीक गाठी, आणि गाठींत लाल काड्या. दुसऱ्या रांगेतला काढला. त्यातही. ती तशीच स्टुलावर बसून राहिली. रोग सगळ्या हॉलभर पसरलेला होता, कदाचित कित्येक महिन्यांपासून. बाकीच्या माशांनी तो गाठीत बांधून पोटात ठेवला होता आणि ते पाण्यातून तो गुपचूप वाटत होते. फक्त विझेनांना तो पोटात ठेवता आला नाही.

प्रयोगशाळेचे नवे प्रमुख, सगळ्यांचे साहेब, म्हणजे भला माणूस. कामाला वाघ, बोलायला तुटक. त्यांनी येऊन तिची टाकी पाहिली आणि म्हणाले, "ही जात आजच्या आज काढून टाका."

"सर, रोग हिच्यात नाही. म्हणजे, सगळीकडे आहे. मी बाकीचेही तपासलेत."

"मरतायत कोण?"

"विझेना. पण—"

"मॅडम, तुमचे मासे मुळात कमकुवत. कमकुवतांत रोग वाढतो आणि तिथून बाकीच्यांना होतो. सात मुलांचे प्रबंध या हॉलवर आहेत. तुमच्या माशांमुळे ते बुडालेले मला चालणार नाहीत."

"माझ्या माशांमुळे रोग आला नाही, सर. माझ्या माशांमुळे कळला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खरं बोलत असावी, असं त्यांना वाटलंही असेल. पण एक टाकी रिकामी करणं आणि सगळा हॉल रिकामा करणं यात माणूस एकच टाकी निवडतो. "उद्या सकाळपर्यंत," ते म्हणाले आणि गेले. या जातीचं बीज गोठवून ठेवू या, म्हणून ती त्यांच्यामागे किती तरी वर्षं लागली होती. पुढच्या वर्षी बघू, असं दर वर्षी ठरायचं.

दुसऱ्या दिवशी दादाला नव्या डॉक्टरांकडे जायचं होतं. संधिवातावर एक इंजेक्शन होतं. आग भडकवणारा जो मुख्य निरोप असतो, तोच हे औषध अंगात अडवून धरतं. त्याबद्दल तिनं दादाला आणि वहिनीला रात्री जेवताना कितीदा समजावलं होतं. ती बरोबर जाणार होती. सकाळी तिनं चप्पल घालता घालता सांगितलं, "दादा, आज मला नाही जमणार रे. माझ्याकडे..."

"तू तुझ्या पोरांचं बघ," दादा म्हणाला. "आमचं काय, सुई टोचून घ्यायची. मासे घेतातच की."

त्या दिवशी तिनं आणि काकांनी मोठ्या पातेल्यात लवंगेच्या तेलाचं पाणी केलं. त्यात सोडलं की मासा आधी गुंगतो, मग त्याचे कल्ले थांबतात. काका जाळीनं काढून देत होते, ती सोडत होती. शेवटचे काही उरले तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेर जा. मी करतो." ती गेली नाही. त्याआधी, आल्या आल्या, तिनं शेवटच्या जोड्यांकडून मिळाली तेवढी अंडी घेतली होती. साहेबांनी ती निर्जंतुक करून वेगळ्या खोलीत ठेवायला परवानगी दिली होती. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

घरी आली तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. दंडावर चिकटपट्टी.

"दिलं?"

"दिलं. मुंगी चावल्यासारखं."

"फोटो काढला छातीचा? ती क्षयाची हातावरची चाचणी केली?"

"केलं गं सगळं. स्वच्छ आलं."

"आधीचं काही विचारलं का त्यांनी?"

"विचारलं की. सांगितलं." मग त्यानं नाक फेंदारलं. "तुझ्या हाताला लवंगेचा वास येतोय. काय, मसाल्याचे मासे केलेस की काय?"

ती मोरीत गेली आणि साबण संपेस्तोवर हात धूत राहिली. एरवी तिनं खोदून विचारलं असतं. काय विचारलं, काय सांगितलंस, संधिवाताच्या गोळ्या चालू असताना ही चाचणी खोटी स्वच्छ येऊ शकते हे डॉक्टर बोलले का. त्या दिवशी तिच्यात ताकद नव्हती.

अंडी तिनं भीतीपोटी जरा जास्तच धुतली. ब्लिचिंगच्या पाण्यात ठेवायची तेवढा वेळ ठेवली, मग वाटलं पुरेसं झालं नसेल, म्हणून अजून थोडा वेळ. बहुतेक पांढरी पडली. जी फुटली, त्यातली पिल्लं तळाशी कुशीवर पडून राहिली. पोटातला हवेचा फुगा भरला, की पिल्लू वर येतं आणि पोहायला लागतं; यांचा भरलाच नाही. ती दिवसभर खुर्ची ओढून वाटीवर वाकलेली असे. एका पिल्लानं एकदा वर उसळी मारली आणि काका ओरडले, "आलं, मॅडम, आलं!" ते पुन्हा तळाशी गेलं. आठवडा संपायच्या आत वाटीत नुसतं पाणी उरलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या रांगेतले मासे मरायला लागले, मग तिसऱ्या. शेवटी सगळा हॉलच रिकामा करावा लागला. साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. खाली बघत म्हणाले, "तुमचं बरोबर होतं." मग म्हणाले, "पण आता मासेच नाहीत, तर तुमची मुदत कशाच्या आधारावर वाढवू?" ती म्हणाली, "खरंय." तिला रागही आला नाही. खरं ठरण्याचा असा काही उपयोग होत नसतो, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

घरी मात्र तेव्हा आनंदीआनंद होता. दादाच्या बोटांची सूज उतरत होती. आधी तो शर्टाची गुंडी लावायला लागला. मग चहाचा कप एका हातानं उचलायला लागला. वहिनी शेजारणींना बोलावून दाखवायची, लहान मूल पहिल्यांदा उभं राहिलेलं दाखवतात तसं. एका दुपारी त्यानं माळ्यावरून हत्यारांची पेटी काढायला लावली, वहिनीचं किती तरी वर्षं बंद असलेलं घड्याळ उघडलं आणि घाम गाळत, पुटपुटत, दोनदा स्क्रू पाडून, चालू केलं. कानाला लावून ऐकलं. मग तिच्या कानाला लावलं.

"बघ मासोळे. तुझ्या माशांनी केलं हे."

"माझ्या नाही रे. दुसऱ्या लोकांनी, कधीच."

"एकच ते. तुझ्या जातीचेच ना सगळे?" त्याचं तोंड इतकं फुललेलं होतं, की तिला पुढं सांगवेना. विझेना नाहीत, नोकरी नाही, हे तिनं घरात सांगितलंच नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायची आणि नोकरी शोधत, कुठं कुठं बसत, संध्याकाळी परतायची.

रोज घरात डोळ्यांसमोर असूनही तिच्या नजरेतून ते सुटलं कसं, याचा विचार तिनं नंतर पुष्कळ केला. दादा बारीक होत होता. वहिनीनं त्याच्या विजारी कमरेत आवळल्या. तो म्हणाला, "बरं झालं, पुन्हा लग्नाला उभा राहीन." संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वहिनी म्हणायची, इंजेक्शनाची गरमी. एके सकाळी ती कामाच्या बहाण्यानं घराबाहेर पडताना दोरीवर उशीचा अभ्रा वाळत होता. कालही होता. परवाही.

"वहिनी, अभ्रा रोज का धुतेस?"

"अहो, घाम येतो ना त्यांना रात्रीचा. भिजून चिंब होतात. तुम्हाला काय सांगायचं, आधीच दमून येता."

ती जिन्यात उभी राहिली. डबा हातातच. मग वळून आत गेली आणि म्हणाली, "दादा, कपडे बदल. आत्ताच्या आत्ता जायचंय."

छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांत राई सांडल्यासारखे ठिपके होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि वहिनीला विचारलं, "घरात कुणाला कधी क्षय होता?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "त्या डॉक्टरांनीही इंजेक्शनाच्या आधी हेच विचारलं होतं. हे नाही म्हणाले."

"होता," ती म्हणाली. "आमच्या वडिलांना होता."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. वडील पोटाच्या दुखण्यानं गेले, असंच वहिनीला सांगितलेलं होतं. सगळ्यांनाच तसं सांगितलेलं होतं. ती अगदी लहान होती, पण दादा मोठा होता. तो वडिलांच्याच अंथरुणाशेजारी झोपायचा. वडील गेल्यावर आईनं दोघांना समोर बसवून शपथ घातली होती, की हे तोंडातून कधी बाहेर काढायचं नाही. बाहेर कळलं, तर कुणी दारात उभं करणार नाही, मुलीला कुणी करून घेणार नाही. आई गेली तरी शपथ राहिली. नव्या डॉक्टरांनी सहज विचारलं आणि दादा, जन्मभराच्या सवयीनं, सहज नाही म्हणाला.

"तेव्हा कळलं असतं, तर आधी गोळ्या दिल्या असत्या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. तेच तिला ऐकवेना. वडिलांकडून आलेले जंतू दादाच्या फुप्फुसात एका गाठीत बांधलेले पडून होते, जन्मभर. गाठीभोवती पहारा होता. इंजेक्शनानं पहारा उठवला. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इंजेक्शन बंद केलं, क्षयाची औषधं सुरू केली. थोडे दिवस बरं वाटलं. मग दाबून धरलेली आग एकदम उसळली. फुप्फुसं सुजली, मेंदूवरची आवरणं सुजली. बोटं पुन्हा लाल होऊन मिटली. आता आग कमी करणारं औषध द्यावं तर जंतू माजणार, न द्यावं तर सुजेनंच जाणार. दोन डॉक्टर दाराबाहेर हलक्या आवाजात वाद घालत होते. त्यातले तरुण डॉक्टर तिच्याकडे वळले.

"तुम्ही याच विषयात काम करता असं पेशंट म्हणत होते. किती दाबावं, कधी थांबावं? तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी खरोखरच विचारलं होतं. वरवर नव्हे.

"पिल्लांमधलं थोडंसं कळायला लागलं होतं," ती म्हणाली. "माणसातलं मला माहीत नाही."

"मग ते पुढे?"

"पुढे काही नाही. ते मासे आता नाहीत."

शुद्धीवर असताना दादानं तिला खूण करून जवळ बोलावलं. ओठ सुकलेले होते, पण डोळ्यांत ओळख होती.

"मासोळे. मासे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"विझली का त्यांची?"

"विझतेय," ती म्हणाली.

"मग आता जाहीर कर की," तो म्हणाला. नंतर तो नीट बोलला नाही. एका दुपारी, वहिनी खाली औषध आणायला गेली असताना, गेला.

लोक येऊन गेल्यावर घरात दोघीच उरल्या. एकदा वहिनी भांडी पुसता पुसता, पाठमोरीच म्हणाली, "मी बसले होते त्या डॉक्टरांसमोर. यांच्या शेजारच्याच खुर्चीत. मला माहीत असतं, तर मी बोलले नसते का, ताई?"

तिनं पुसलेली भांडी फळीवर लावायला घेतली.

"एवढी वर्षं तुमच्या घरात काढली. तुम्ही दोघं भाऊबहीण. एकदा तरी सांगायचं."

"आईनं शपथ घातली होती," ती म्हणाली, आणि ते शब्द बाहेर पडल्यावर किती पोकळ वाजले, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"मला कुणी घातली नव्हती," वहिनी म्हणाली.

पुढे वहिनी आपल्या बहिणीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. निघताना तिनं घरात काय काय कुठं ठेवलंय ते नीट सांगितलं. गॅसचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला. "येईन अधूनमधून," म्हणाली. आली नाही, आणि तिनंही बोलावलं नाही. काय तोंडानं बोलावणार?

काका एकदा भेटायला आले होते. हॉलमध्ये आता नवे मासे आणलेत, सगळे तपासून, म्हणाले. साहेबांनी तिच्या कामाबद्दल बाहेर विचारून बघितलं होतं. दोनदा झालेल्या प्रयोगावर कुणी छापत नाही, असं उत्तर आलं. काका बराच वेळ बसले. जाताना म्हणाले, "त्या काठावरच्या पेशींचं तेवढं राहिलं." ती म्हणाली, "राहिलं."

सध्या ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तपासणीत आहे. ठिकठिकाणच्या नळांचं पाणी बाटल्यांतून येतं, त्यात जंतू आहेत की नाहीत एवढंच बघायचं असतं. आहेत किंवा नाहीत. काम नेटकं करते. तिथं तिला कुणी मॅडम म्हणतं, कुणी बाई. मासोळी म्हणणारं कुणी नाही.

परवा शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ फोन घेऊन आले. त्यांच्या घरी काचेची पेटी आहे, मुलीनं हौसेनं ठेवलेली. "तुम्ही पूर्वी माशांचं काही करायचात ना? हा बघा, आठवडाभर असाच कोपऱ्यात बसलाय. पोट फुगलंय. मुलगी रडून रडून हैराण झालीय."

तिनं फोन हातात घेतला. खवले उभे राहिलेले होते. बाकीचे मासे मागं मजेत फिरत होते. तिनं चित्र मोठं करून पाहिलं, आणि काय झालंय, पाण्यात काय असणार, बाकीच्या धडधाकट माशांच्या पोटात काय असणार, ते सगळं एका क्षणात तिच्या मनात उभं राहिलं.

"फोटोत नीट कळत नाही हो," ती म्हणाली आणि फोन परत दिला. "दुकानात विचारून बघा, औषध देतील काहीतरी."

ते गेल्यावर तिनं पुढची बाटली उचलली आणि तिचं झाकण उघडलं.